देवघेव वहीतली शेवटची तारीख



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा विषय मला शोधावा लागला नाही. ज्या शिक्षिकेच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या बाईंच्या नावानं बोलायचं म्हणजे शाळेतल्या पुस्तकांविषयीच बोलायला हवं. त्यांच्या शाळेत मी तीन वर्षं सहशिक्षक होतो, पुढं त्याच केंद्राचा केंद्रप्रमुख झालो. शाळाभेटीला गेलं की ग्रंथालयाच्या रकान्यात पुस्तकांची संख्या भरायची असे. मुख्याध्यापक दाखल नोंदवही पुढं करत, मी शेवटचा अनुक्रमांक बघून आकडा लिहीत असे. बाईंच्या शाळेतही मी तसाच आकडा लिहायला घेतला. तेव्हा त्यांनी दाखल नोंदवही मिटली आणि दुसरी वही माझ्यासमोर उघडून ठेवली. देवघेव वही. म्हणाल्या, "सर, पुस्तकं किती आहेत ते नका लिहू. शेवटचं पुस्तक कोणत्या तारखेला बाहेर गेलं ते लिहा."

वहीत आदल्या दिवशीची तारीख होती. त्याच्या आदल्या दिवशीचीही होती. मुलांनी स्वतःच्या हातानं नावं लिहिली होती, कुठं आडनाव राहिलेलं, कुठं पुस्तकाचं नाव अर्धंच. शेऱ्याच्या रकान्यात मात्र बाईंचं अक्षर. एका ओळीपुढं 'वाचून फाटले' असा शेरा होता. दुसरीपुढं 'आजीला वाचून दाखवतो, मुदत वाढवली'.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक शाळेत मी देवघेव वही मागितली. बऱ्याच ठिकाणी ती शोधावी लागे. सापडली तर शेवटची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावरची असे, कारण २०१५ पासून आपण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो आणि त्या दिवशी पुस्तकं कपाटाबाहेर येतात. काही वह्यांत सगळ्या मुलांच्या सह्या एकाच हस्ताक्षरात होत्या. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठीच आज उभा आहे. शाळेच्या ग्रंथालयाला आपण पुस्तकं देतो, कपाट देतो, कधी रंगवलेली खोलीही देतो. त्या पुस्तकांची काळजी वाहणारा शाळेतलाच माणूस आणि ती वाचायला रोजचा वेळ, या दोन गोष्टी देत नाही. आणि त्या नसतील तर बाकीच्या सगळ्या असून उपयोग होत नाही.

आधी वाचनाबद्दल थोडं. पाचवीच्या वर्गात मी एका मुलाला धडा वाचायला सांगितला. त्यानं खणखणीत आवाजात वाचला, बोट ओळीवरून फिरवत वाचला. मी जवळ जाऊन पाहिलं तर बोट एका ओळीवर होतं आणि तोंडातले शब्द तिच्या खालच्या ओळीतले. धडा त्याला पाठ होता. वर्गात तो इतक्यांदा मोठ्यानं वाचला गेला होता की कानानंच तो आत गेला होता. मी त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून फळ्यावर लिहिले, तेव्हा तो एकेका अक्षरापाशी अडू लागला. 'स्वच्छ' या शब्दापाशी बराच वेळ थांबला. जोडाक्षराची फोड त्याला येत होती, पण फोड करून शब्दाच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात हातातून निसटून जात होती.

हे एकट्या त्या मुलाचं नाही. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या घरोघरच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा छोटा मजकूर वाचायला देतात. २०१८ मध्ये पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना तो वाचता आला. करोनात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. २०२४ मध्ये ते ४८.८ टक्के झालं. घसरण बरीचशी भरून निघाली, याचा आनंद आहे. पण भरून निघून आपण पोचलो कुठं? पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, तिथं.

अक्षरओळख झाली की वाचन आलं, असं आपण मनात धरून चालतो. काना, मात्रा, वेलांटी, रफार हे सगळं येणं म्हणजे सायकलवर बसता येणं. चालवता येण्यासाठी रस्ता लागतो, मोकळा आणि लांब. तोच शब्द वेगवेगळ्या गोष्टींत, वेगवेगळ्या चित्रांखाली, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी पुन्हा पुन्हा भेटला की डोळे तो अख्खा उचलायला लागतात. मग अक्षरांवर खर्च होणारं लक्ष अर्थासाठी मोकळं होतं. पाठ्यपुस्तक कितीही चांगलं असलं तरी त्यात वर्षभराचे मोजके धडे असतात आणि दिवाळीपर्यंत ते मुलांना पाठ होतात. जे पाठ झालं ते वाचण्याचा सराव कसा होणार? नवा मजकूर, सोपा मजकूर, भरपूर मजकूर ग्रंथालयच देऊ शकतं. म्हणून शाळेचं ग्रंथालय म्हणजे 'अवांतर वाचन' हा शब्दच मला चुकीचा वाटतो. पाचवीतल्या त्या मुलासाठी ते वाचन अवांतर नव्हतं. तोच त्याचा अभ्यास होता.

ही गोष्ट एका मराठी राजाला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. पण मुलगा चार यत्ता शिकून बाहेर पडला आणि त्याच्या हाती पुढं काहीच छापील आलं नाही, तर शिकलेली अक्षरं पुसली जातात. शाळेवर केलेला खर्च टिकवायचा तर गावात पुस्तकं हवीत. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवनच्या विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं.

बॉर्डन तिथं तीनच वर्षं होते. तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, गावोगावच्या ग्रंथालयांची रचना ठरली. गावकऱ्यांनी जेवढी वर्गणी जमवायची तेवढीच रक्कम पंचायतीनं आणि तेवढीच सरकारनं घालायची, अशी ती तीन वाट्यांची योजना होती. जिथं ग्रंथालय नव्हतं तिथं पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात, वाचून झाल्या की परत येत आणि पुढच्या गावाला निघत. आज आपण ज्याला फिरतं वाचनालय म्हणतो, ते या पेट्या म्हणजेच होतं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी दालनं होती. बॉर्डन गेल्यावर ज्यांनी हे काम पुढं चालवलं त्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे एक प्रमुख नाव. त्यांनी १९१९ मध्ये या चळवळीचा इतिहास इंग्रजीत लिहिला. ग्रंथालयाचं नियतकालिक तर इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होतं.

बडोद्याची ही हकिगत आपण अभिमानानं सांगतो. पण त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. बॉर्डननी १९११ मध्ये, पेट्या गावोगाव जाऊ लागण्याच्याच सुमारास, ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाची ती सुरुवात मानली जाते. पुस्तकं, इमारत आणि माणूस यांपैकी माणूस 'नंतर बघू' म्हणून ठेवला नव्हता. तो पहिल्याच वर्षी घडवायला घेतला होता.

आता आपल्या कायद्याकडे या. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे. त्यात वर्तमानपत्र, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं आहे, आणि गोष्टीच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख आहे. ज्यानं कुणी तो उल्लेख घालायला लावला त्याचे आपण आभार मानायला हवेत, कारण त्यामुळे गोष्ट हा मुलाचा कायदेशीर हक्क झाला. पण त्याच परिशिष्टातला शिक्षकसंख्येचा भाग वाचा. साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक. शंभरावर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांच्यासाठी अर्धवेळ निदेशक. ग्रंथपाल हा शब्द त्या यादीत नाही. अर्धवेळ म्हणूनही नाही. ग्रंथालय सक्तीचं आहे आणि ग्रंथालय चालवणारा कुणीच नाही, अशी ही रचना आहे.

मग 'चार्ज' कुणाकडे जातो? बहुधा सर्वांत नव्या शिक्षकाकडे. त्याच्याकडे आधीच दोन वर्ग असतात, पोषण आहाराची नोंद असते, शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, अधूनमधून मतदारयाद्या असतात. 'समग्र शिक्षा'मध्ये ग्रंथालयासाठी शाळेला वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. ती कमी आहे, असं मी म्हणणार नाही. पाच हजारांत लहान मुलांची पन्नासेक चांगली पुस्तकं येतात, आणि दरवर्षी पन्नास नवी पुस्तकं ही लहान शाळेसाठी श्रीमंती आहे. पैशापेक्षा अडचण आहे ती जबाबदारीच्या भीतीची. बदली झाली की चार्ज द्यायचा असतो. दाखल नोंदवहीतली चारशे पुस्तकं मोजून द्यायची. सदतीस कमी भरली तर ती कुणी भरून द्यायची? हा प्रश्न ज्याच्या डोक्यावर आहे तो शिक्षक पुस्तक मुलाच्या हाती देताना कचरणारच. पुस्तक कपाटात राहिलं तर हरवत नाही. म्हणून मी त्याला दोष देत नाही. पुस्तक वापरल्याची शिक्षा आणि न वापरल्याचं बक्षीस, असा नियम आपणच त्याच्यासाठी करून ठेवला आहे.

खरं तर निर्लेखनाची वाट आहे. फाटलेली, हरवलेली, कालबाह्य झालेली पुस्तकं ठराव करून वहीतून कमी करता येतात. सार्वजनिक ग्रंथालयांत ते नेहमीचं काम आहे. शाळांत ते होत नाही, कारण कुणी शिकवलेलं नाही आणि वरून कुणी विचारत नाही. केंद्रप्रमुख असताना माझ्या केंद्रातल्या शाळांत मी एक साधी गोष्ट केली. दरवर्षी शंभरांतली दहा पुस्तकं वापरामुळे गेली तर तो वापराचा पुरावा समजावा आणि शालेय व्यवस्थापन समितीनं मे महिन्यात तसा ठराव करावा, असं ठरवून घेतलं. बाईंचा 'वाचून फाटले' हा शेरा मी कारणाच्या रकान्यात तसाच वापरायला सांगितला. दुसऱ्या वर्षी देवघेव वह्या भरायला लागल्या. पुस्तकं तीच होती, शिक्षक तेच होते.

आता एका अभ्यासाबद्दल बोलायला हवं. ग्रंथालयावर प्रेम करणाऱ्यांना तो आवडत नाही, आणि म्हणूनच तो टाळू नये. बेंगळुरूच्या 'अक्षरा फाउंडेशन'नं कर्नाटकातल्या सरकारी शाळांत ग्रंथालयं सुरू केली होती. काही शाळांत ग्रंथालय होतं, आसपासच्या शाळांत ग्रंथपाल पुस्तकं घेऊन जात असे. बोरकम, हे आणि लिंडेन या तिघा संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या, सोळा महिन्यांनी मुलांची भाषेची परीक्षा घेतली, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. मुलांच्या भाषेच्या गुणांत फरक पडला नव्हता. बाहेरून येणारा ग्रंथपाल जिथं जात होता तिथं तर गुण थोडे घसरले होते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अस्वस्थ झालो. मग त्याच्या जोडीला फिजी बेटांवरचा जुना प्रयोग वाचला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. खेड्यातल्या शाळा, चौथी-पाचवीची मुलं, घरात फिजियन किंवा हिंदी आणि शाळेत इंग्रजी. प्रयोगातल्या वर्गांत अडीचशे सचित्र गोष्टीची पुस्तकं ठेवली आणि रोज वीस ते तीस मिनिटं ती वाचायला दिली. काही वर्गांत मुलं आपापली मुकाट्यानं वाचत, काही वर्गांत शिक्षक मोठं पुस्तक समोर धरून सगळ्यांबरोबर वाचत. वर्षाअखेरीस ही मुलं वाचनात इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगानं पुढं गेली होती. दुसऱ्या वर्षी तो फायदा टिकलाच, इतर विषयांतही दिसला.

एके ठिकाणी काहीच नाही, दुसऱ्या ठिकाणी दुप्पट. पुस्तकं दोन्हीकडे होती. याचा अर्थ मी असा लावतो, आणि तो माझा अर्थ आहे. फिजीत पुस्तकं वर्गात होती, वेळ रोजचा होता, आणि पुस्तक वाचून दाखवणारा माणूस त्या मुलांचा रोजचा शिक्षकच होता. कर्नाटकात ग्रंथालय भाषेच्या रोजच्या तासापासून वेगळं राहिलं असावं. बाहेरचा पाहुणा येऊन तास घेऊन गेला आणि तेवढा वर्गाचा वेळ कमी झाला. म्हणजे माणूस हवा, पण फिरता पाहुणा नको. वेळ हवा, पण आठवड्यातून एकदा वेळापत्रकाच्या कोपऱ्यात टाकलेला 'ग्रंथालय तास' नको, जो गणिताच्या शिक्षकांना भाग पूर्ण करायला हवा असला की सर्वांत आधी जातो.

बाईंच्या शाळेत ग्रंथालयाची खोली नव्हती, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. व्हरांड्यात दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर पुस्तकं उघडी टांगलेली असत, पाठीवरून नव्हे तर मुखपृष्ठावरून ओळखता येतील अशी. पहिलीच्या मुलाला पुस्तकाचं नाव वाचता येत नाही, पण त्याला वाघ ओळखता येतो. शाळा सुटण्याआधीचा अर्धा तास वाचनाचा. त्यातली पहिली दहा मिनिटं बाई मोठ्यानं वाचत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्या आठवडाभर पुरवत आणि रोज नेमक्या अडचणीच्या जागी पुस्तक मिटत. उरलेली वीस मिनिटं ज्याचं त्याचं पुस्तक. या वेळात बाई वह्या तपासत नसत. त्याही वाचत बसत. सहशिक्षक म्हणून मी एकदा त्या वेळात हजेरीपट भरायला घेतला, तर त्यांनी काही न बोलता माझ्यासमोर 'किशोर'चा अंक आणून ठेवला. मोठा माणूस वाचताना मुलांना दिसला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. आमच्या गावातल्या बहुतेक मुलांनी तोवर कुठल्याही मोठ्या माणसाला स्वतःच्या आनंदासाठी वाचताना पाहिलेलं नव्हतं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कामात, सोनाळ्याला नीलेश निमकर आणि 'क्वेस्ट' या संस्थेच्या कामात हेच सूत्र मला दिसलं. वाचायला शिकवणं आणि वाचायला देणं ही दोन खाती नाहीत. 'क्वेस्ट'च्या 'गोष्टरंग'मध्ये नट मुलांसमोर पुस्तकातली गोष्ट सादर करतात. गोष्ट पाहिलेलं मूल मग ते पुस्तक मागायला येतं. पालघरच्या आश्रमशाळांत, जिथं घरची बोली वारली किंवा कातकरी आणि पुस्तकातली मराठी परकी, तिथं या आधीच्या ऐकण्याला फार मोल आहे. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला, मेळघाटच्या कोरकू मुलाला पहिलं पुस्तक त्याच्या घरच्या भाषेत किंवा निदान दोन भाषांत मिळालं पाहिजे. अशी पुस्तकं थोडी आहेत. ती होण्याची वाट बघायची नसते. मुलांकडून त्यांच्या गोष्टी लिहवून घ्या, चित्रं काढवून घ्या, शिवा, क्रमांक घाला आणि दोरीवर टांगा. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेच्या वसतिगृहात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज. छापखाना नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

पुस्तकांच्या निवडीबद्दल एकच तक्रार करतो. आपण शाळेला पुस्तकं 'दान' देतो आणि दानात जुनी मार्गदर्शकं, स्पर्धा परीक्षांचे संच, बारीक टाइपातली चरित्रं देतो. सात वर्षांच्या मुलाच्या हाती तीनशे पानी चरित्र देणं म्हणजे वाचन कंटाळवाणं असतं हे त्याला लवकर शिकवणं. त्याला माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' हवं, ज्यात चित्र बोलतं आणि शब्द थोडे असतात. 'बालभारती'नं १९७१ पासून चालवलेल्या 'किशोर'चे जुने अंक आता मोफत उघडले आहेत, 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतली सचित्र पुस्तकं मोफत आहेत, छापून घेता येतात. पुस्तकं नाहीत हे कारण आता फारसं टिकत नाही. निवडणारा हवा. आणि निवडायला एका मुलाला आणि एका मुलीला बरोबर न्या. बाई नेत असत, तालुक्याच्या दुकानात, एसटीनं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो.

आमच्या भागातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. जोडप्याचा एक कोयता, आणि त्या कोयत्याबरोबर पोरंही जातात, कारण मागं सांभाळायला कुणी नसतं. हंगाम संपून ती परत येतात तेव्हा पाडवा होऊन गेलेला असतो. पाच महिने शाळा नाही. ज्या मुलाला कसंबसं वाचता यायला लागलं होतं ते चैत्रात पुन्हा अक्षरं चाचपडताना आम्ही दरवर्षी पाहत होतो. नियम असा की पुस्तक सात दिवसांसाठी द्यायचं. बाईंनी चौथीतल्या एका मुलीला, ती निघण्याच्या आदल्या दिवशी, पाच पुस्तकं दिली आणि परतीच्या तारखेच्या रकान्यात 'पट्टा पडल्यावर' असं लिहिलं. हंगाम संपणं म्हणजे पट्टा पडणं. मी तेव्हा सहशिक्षक होतो. मी म्हटलं, "बाई, ही परत यायची नाहीत." त्या म्हणाल्या, "मुलगी परत यायला हवी. पुस्तकांचं बघू."

मुलगी परत आली. चार पुस्तकं आली. पाचव्याचं विचारलं तर म्हणाली, कारखान्यावर शेजारच्या कोपीतल्या मुलीला दिलं, तिच्याकडे एकही नव्हतं. बाई तिला ओरडल्या नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'फडावर दिले'. आणि मग तिला फळ्यावर एक नवा परिच्छेद लिहून वाचायला सांगितला. ती अडखळली, पण थांबली नाही. पाच महिने शाळेचं तोंड न पाहिलेली ती मुलगी, जाताना जिथं होती तिथून मागं गेलेली नव्हती. चार-पाच पुस्तकं तिनं उसाच्या पाचटावर बसून पुन्हा पुन्हा वाचली होती, धाकट्या भावाला वाचून दाखवली होती.

पुढच्या वर्षीपासून हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर बाईंनी कापडी पिशवी दिली. सयाजीरावांच्या लाकडी पेटीचं ते ऊसतोडणीतलं रूप होतं, असं मला नंतर वाटलं. त्यांना बडोद्याचं ठाऊक होतं की नाही, मला विचारायचं राहिलं.

या सभागृहात आज वाचनालयाचे विश्वस्त आहेत, शिक्षक आहेत, पालक आहेत, एक-दोन अधिकारीही दिसत आहेत. म्हणून मागणं स्पष्ट करतो. सरकारकडे माझं मागणं आहे की कायद्याच्या त्या यादीत ग्रंथपाल हा शब्द घालावा. लहान शाळांना स्वतंत्र ग्रंथपाल मिळणार नाही हे मी जाणतो. पण तीन-चार शाळांत मिळून एक नको, तो पुन्हा पाहुणाच होईल. त्यापेक्षा प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला या कामाचं नीट प्रशिक्षण द्या, त्याबदल्यात त्याचं दुसरं एखादं काम काढून घ्या, आणि हरवलेल्या पुस्तकांसाठी त्याच्या पगाराकडे बोट दाखवणं बंद करा. माध्यमिक शाळांतल्या अर्धवेळ ग्रंथपालांना पूर्ण वेळ आणि पूर्ण पगार द्या. त्यांच्यातले कित्येक जण अर्ध्या पगारात उमेद टिकवून आहेत.

या वाचनालयाकडे मागणं असं. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची हजारो वाचनालयं आहेत. तुमचा बालविभाग संध्याकाळी उघडतो, तेव्हा शाळेतली मुलं घरी गेलेली असतात आणि वाड्यावस्त्यांवरची मुलं इथवर येतच नाहीत. चाळीस पुस्तकांची एक पेटी अशा दहा पेट्या करा. जवळच्या दहा जिल्हा परिषद शाळांना द्या आणि दर महिन्याला फिरवा. शिक्षकांना अट एकच घाला: रोजचा अर्धा तास. दसऱ्यानंतर त्यातल्या काही पेट्या कारखान्यांच्या गाड्यांबरोबर जाऊ द्या.

आणि पालकांनो, तुमच्याकडे तर फारच थोडं मागतो. या सोमवारी मुलाला शाळेत सोडायला जाल तेव्हा पाच मिनिटं थांबा. ग्रंथालय दाखवा असं म्हणू नका, ते दाखवतील. देवघेव वही मागा. शेवटचं पान उघडा आणि तारीख बघा. ती जुनी असली तर शिक्षकांवर रागावू नका. त्यांना विचारा, "आम्ही काय मदत करू?" पुढच्या सोमवारी पुन्हा जा आणि पुन्हा तीच वही मागा.